परसदारी कार्नेशन : बी पेरावे की रोप आणावे?

उसाच्या पत्रकात फुलाचा लेख पाहून काही सभासद बंधूंच्या कपाळाला आठ्या पडतील. त्यांची आधीच क्षमा मागतो. पण हा लेख लिहिण्याचे कारण घडले ते आपल्या गट ऑफिसातच. ऊस नोंदीच्या गर्दीत एक तरुण सभासद बियाण्याचे रंगीत पाकीट घेऊन आला. पाकिटावर कार्नेशनचे झालरीसारख्या पाकळ्यांचे गुलाबी फूल छापलेले होते. म्हणाला, "काका, दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस टाकायचं चाललंय. बँकेत बोलणं झालंय. पण रोपांचाच खर्च डोईजड होतोय. या पाकिटात शंभर बिया आहेत. अशी दोन-अडीचशे पाकिटं आणली की काम भागतं. मग रोपं विकत कशाला घ्यायची?"

कागदावर हिशेब बिनचूक होता. दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये कार्नेशनची वीस हजारांवर रोपे बसतात आणि प्रत्येक रोप रोख पैसे मोजून आणावे लागते. त्या मानाने बी म्हणजे फुकटच. मी त्याला एवढेच विचारले, "तू ऊस लावतोस तो तुऱ्यातलं बी पेरून लावतोस का?" तो हसला. "तुऱ्याचं बी कोण पेरतं, काका? आपण टिपरी लावतो."

त्या हसण्यात अर्धे उत्तर आले. उरलेले अर्धे सर्वांनाच उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहितो. शिवाय आपल्या भगिनी सभासदांपैकी अनेकींच्या घरी कुंड्या आहेत, वळचणीला चार फुलझाडे आहेत. त्यांच्यासाठी हेच पाकीट फार कामाचे आहे. एकच पाकीट एका ठिकाणी नुकसानीत घालते आणि दुसऱ्या ठिकाणी आनंद देते, ते कसे हे सांगायचे आहे.

आपल्या नाशिकला फुलांचे नवल नाही. मोगलाईत या शहराचे नावच गुलशनाबाद, म्हणजे फुलांचे गाव, असे होते. आज दिंडोरी तालुक्यात मोहाडी, जानोरीकडे गेले की पॉलिहाऊसची पांढरी छपरे दिसतात. आत बहुतेक गुलाब असतो आणि काही ठिकाणी जरबेरा, कार्नेशन. कार्नेशन आपल्याकडचे फूल नव्हे. ते मूळचे भूमध्य समुद्राच्या आसपासच्या मुलखातले. त्याला मराठी नाव नाही आणि ओढूनताणून देण्यात अर्थही नाही. लग्नाच्या स्टेजवर आणि सत्काराच्या गुच्छात ते आपण सर्वांनी पाहिले आहे, फक्त नाव माहीत नसते.

झाड मात्र उसाच्या शेतकऱ्याला ओळखीचे वाटावे असे आहे. खोडाला उसासारखी पेरे असतात. प्रत्येक पेराशी गाठ, गाठीशी समोरासमोर दोन पाने आणि पानांच्या बगलेत डोळा. पाने अरुंद, निळसर हिरवी. त्यांवर उसाच्या कांडीवर असते तशी मेणाची पांढुरकी पूड असते. बोटाने घासली की निघते. शेंडा मोडला की खालचे डोळे फुटतात. एवढे साम्य लक्षात ठेवले की पुढचे सगळे सोपे जाते.

टिपरी आणि बी

आता मूळ मुद्दा. उसाला आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुरा येतो. त्या तुऱ्यात खरे बी धरू शकते, पण ते इतके बारीक आणि कापसाळ असते की शेतकऱ्याच्या दृष्टीने तो नुसता भुगा. त्या भुग्यातले बी उगवले तरी प्रत्येक रोप वेगळे निघते. एक जाड, एक बारीक, एक गोड, एक पाणचट, एक काणीला बळी पडणारे. म्हणून शेतात बी कोणी पेरत नाही. बी पेरणे हे संशोधकाचे काम. कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघाले ते याच कामासाठी. तिथे दोन जातींचा संकर करून धरलेले बी आपल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावर आणतात, त्यातून हजारो रोपे वाढवतात आणि वर्षानुवर्षे निवड करीत शेवटी एखादे बेट पसंत करतात. को ७४० अशीच आली. को ८६०३२ ही १९९६ साली नीरा म्हणून आपल्या हाती आली. एकदा जात ठरली की पुढे बियाचे नाव नाही. टिपरीतून टिपरी, डोळ्यातून डोळा. तुमच्या शेतातला ८६०३२ आणि माझ्या शेतातला ८६०३२ हा एका अर्थाने एकच ऊस आहे, दोन ठिकाणी उभा असलेला.

कार्नेशनचे हुबेहूब असेच आहे. पॉलिहाऊसमध्ये जी लाल, पांढरी, पिवळी कार्नेशन दिसतात ती सगळी शेंड्याच्या छाटापासून केलेली रोपे असतात. मुळात एकेक जात कोणीतरी बी पेरून, हजारोंतून एक निवडून काढलेली आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस विल्यम सिम नावाच्या बागवानाने एक लाल कार्नेशन निवडले. त्याचेच नाव त्या जातीला पडले. पुढे त्या झाडांच्या एखाद्या फांदीला आपोआप पांढरे फूल आले, कुठे गुलाबी आले. लोकांनी ती फांदी कापून तिची वेगळी जात केली. त्या एका लाल झाडाच्या पोटी छाटाछाटाने रंगीबेरंगी जातींचे मोठे खानदान तयार झाले आणि कित्येक वर्षे जगाच्या बाजारात तेच चालले. यात बियाचा संबंध पहिल्या दिवसापुरताच.

बी पेरल्यावर काय होते तेही मजेशीर आहे. कार्नेशनमध्ये पाकळ्यांची भर ठरवणारा एक मुख्य गुण आहे. झाडाला तो आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन वाट्यांनी मिळतो. भरीचा वाटा एकही नसेल तर फूल एकेरी, पाचच पाकळ्यांचे. एक वाटा असेल तर नीट भरलेले, बाजारात चालते तसे. दोन्ही वाटे भरीचे असले की पाकळ्या इतक्या होतात की कळीची हिरवी वाटी त्यांना पुरत नाही, ती एका अंगाने फाटते आणि पाकळ्या बाहेर लोंबतात. म्हणजे बाजारातले चांगले भरलेले फूल हे मधले फूल आहे. एक वाटा आहे, एक नाही. अशा फुलाचे बी धरून पेरले तर चारांत सरासरी एक एकेरी निघते, दोन चांगली भरलेली आणि एक फाटणारे. इंग्लंडात साँडर्स नावाच्या बाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी हे प्रयोग करून दाखवले. रंग आणि उंची यांची सरमिसळ होते ती वेगळीच. विकतच्या पाकिटातले बी निवडीचे असल्याने एकेरी फुले कमी निघतात, पण सगळी एकसारखी कधीच निघत नाहीत.

आता दादरच्या फुलबाजारातल्या व्यापाऱ्याकडे या. त्याला वीस दांड्यांची जुडी हवी. वीसही एका रंगाच्या, एका लांबीच्या, एकाच टप्प्यावर उमललेल्या. बियापासूनच्या वीस हजार झाडांतून अशा जुड्या जमवायच्या म्हणजे गुऱ्हाळात वेगवेगळ्या दहा जातींचा ऊस घालून एकसारखा गूळ मागण्यासारखे. शिवाय बी पेरल्यापासून फूल यायला पाच-सहा महिने लागतात. मुळ्या फुटलेले छाटाचे रोप घेतले तर यातला दीडदोन महिन्यांचा काळ वाचतो. पॉलिहाऊसच्या कर्जाचे व्याज बियाच्या उगवणीसाठी थांबत नाही.

त्या तरुण सभासदाला मी हेच सांगितले. पॉलिहाऊस करायचेच असेल तर आधी तळेगाव दाभाड्याला हरितगृहातल्या फुलशेतीचे शिक्षण मिळते ते घे, दोन-चार चालू पॉलिहाऊस पाहा आणि जातिवंत रोपेच आण. दुसऱ्याच्या जातीच्या झाडाचे छाट घेऊन स्वतः रोपे विकण्याच्या भानगडीत पडू नको. या जाती पैदास करणाऱ्यांच्या हक्काच्या असतात आणि रोपाच्या किमतीत त्यांचा वाटा धरलेला असतो. आणि बाजार हा नेहमी सरळ चालतो असे नाही. २०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली तेव्हा लग्ने थांबली, गाड्या थांबल्या आणि उमललेली फुले तोडून उकिरड्यावर टाकण्याची पाळी फूलशेतकऱ्यांवर आली. उसाला निदान कारखाना असतो. फुलाला दुसऱ्या दिवशीची सकाळ असते तेवढीच. असो.

मग ते पाकीट फेकून द्यायचे काय?

मुळीच नाही. परसबागेत जी सरमिसळ होते तीच गंमत. शंभर बियांतून साठ-सत्तर रोपे निघाली, त्यात दहा रंग निघाले, चार एकेरी निघाली, तर घरात कोणाचे काय बिघडते? आणखी एक गोष्ट आहे. पॉलिहाऊसच्या जाती लांब दांडी आणि टिकाऊपणा यासाठी निवडत गेल्याने बऱ्याच जातींतला वास पातळ झाला. परसबागेसाठी मिळणाऱ्या जुन्या बियांच्या वाणांत मात्र लवंगेसारखा खमंग वास असतो. कार्नेशनचे शास्त्रीय नाव आणि लवंगेचे जुने शास्त्रीय नाव यांत एकच शब्द आहे, तो या वासामुळेच. आमच्या घरी विचारणा झाली की हे परदेशी फूल देवाला चालेल का. मी म्हटले, झेंडूही परदेशातूनच आला आणि आपण त्याचे तोरण लावतो.

बी विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्या. पाकिटावर नुसते 'डायॲन्थस' लिहिलेले असेल तर ते बहुधा कार्नेशनच्या चुलत भावाचे, बुटक्या चिनी जातीचे बी असते. तेही सुंदर आणि सोपे, पण फूल लहान आणि वास जवळपास नाही. आपल्याला हवे ते 'कार्नेशन शाबो' किंवा 'मार्गरीट'. शाबो हे एका फ्रेंच माणसाचे नाव आहे. दुकानदार त्याला 'चाबॉड' म्हणतात, तेव्हा दोन्ही नावे विचारा. दुसरी गोष्ट, पाकिटावरची तारीख. मी एकदा सवलतीत पाकीट घेतले. शंभर बियांतून सहा उगवल्या. घरी येऊन पाहिले तर मुदत संपून दोन वर्षे झाली होती. दुकानाचे नाव घेण्यात अर्थ नाही, चष्मा घरी मीच विसरलो होतो.

त्याआधीच्या वर्षी याहून मोठी चूक केली होती. मृग बरसला की पेरायचे ही आपली पिढीजात सवय. त्या सवयीने कार्नेशनही आषाढात पेरले. उगवले झकास आणि आठवड्याभरात एकेक रोप मानेशी पिचून आडवे झाले. आपण भाजीच्या रोपवाटिकेत रोपे कोलमडणे म्हणतो तेच. ओली हवा, ओली माती आणि थंडीची वाट पाहणारे झाड, यांचे जमत नाही.

पेरणीची वेळ

आपल्याकडे पोळा ते दसरा हा पेरणीचा खरा काळ. पोळ्याला पेरायचे तर पडवीत, छपराखाली पेरावे, कारण पाऊस अजून बाकी असतो. दसऱ्याच्या सुमारास पेरायचे तर ऑक्टोबरच्या उन्हापासून ट्रे जपावा. बी उगवायला साधारण वीस अंश उष्णता पुरे होते. कारखान्याचा बॉयलर पेटतो त्या सुमारास पहिली रोपे पिशवीत आणि गळीत ऐन भरात येते तेव्हा ती वाफ्यात, असा मेळ बसला की ठीक चालले समजावे.

ट्रे नसेल तर जुने घमेले घ्या, तळाला पाचसहा भोके पाडा. माती भरताना एक भाग चाळलेला पोयटा, एक भाग धुतलेली वाळू आणि एक भाग पुरते कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत. नारळाचा भुसा मिळाला तर वाळू थोडी कमी करता येते. कारखान्याचा प्रेसमड घरात पडलेला असतोच, पण ताजा प्रेसमड आत गरम होतो आणि बुरशीही आणतो. वर्षभर कुजवलेला असेल तरच मूठभर घालावा, तोही रोपाच्या ट्रेत नको, पुढे वाफ्यात. बी काळे, चपटे, वजनाला हलके. एका ग्रॅममध्ये पाचशेच्या आसपास बसते. ते विरळ पेरून वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा, नखाच्या जाडीपेक्षा जास्त नको. पाणी झारीने, सकाळी. संध्याकाळी ओले ठेवलेले ट्रे रात्रभर बुरशीला आमंत्रण देतात. ट्रायकोडर्मा पाण्यातून आधीच दिला तर उत्तम. एखादे रोप आडवे झालेच तर ते मातीसकट काढून टाकावे आणि उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच-तीन ग्रॅम या प्रमाणात मिसळून मुळाशी द्यावे.

आठ-दहा दिवसांत उगवण दिसते. पानांच्या दोन-तीन जोड्या झाल्या की एकेक रोप लहान पिशवीत हलवायचे आणि चार-पाच जोड्या झाल्या की वाफ्यात किंवा कुंडीत.

मुक्कामाची जागा हा आपल्या ऊसपट्ट्यातला अवघड भाग आहे. आपली काळी जमीन उसाला सोन्यासारखी. पण पाटाच्या पाण्याखाली ती जड झालेली, चुनखडीची, सामू आठाच्या वर. कार्नेशनला सामू सहा ते सातच्या दरम्यान लागतो आणि मुळाशी पाणी थांबलेले एक दिवसही खपत नाही. काळ्या जमिनीत लावलेली माझी रोपे पिवळी पडून तशीच बसली, मरेनात आणि वाढेनात. तेव्हा सरळ फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. त्यात मुरमाड तांबडी माती किंवा नदीचा पोयटा, वाळू आणि शेणखत घालावे. नाहीतर आठ-दहा इंची कुंड्या घ्याव्या. पाणी केव्हा द्यायचे हे शेतकऱ्याला शिकवायला नको. वाफसा येऊ द्यावा, मग द्यावे. ऊन मात्र दिवसाचे सहा तास हवे. सावलीत झाड काटकुळे होते.

लावताना एक सवय मोडावी लागते. उसाला आपण भर देतो, मोठी बांधणी करतो, माती बुडख्याशी ओढतो. हात आपोआप तसा चालतो. कार्नेशनची मान मातीत गेली की बुडखा कुजतो. पिशवीत होते तेवढेच, किंबहुना थोडे वरच लावावे. पहिले दोन दिवस रोप डुलते, कलंडल्यासारखे दिसते. दिसू द्यावे. दोन रोपांत वीतभर अंतर पुरे.

रोप पाच-सहा जोड्यांचे झाले की वरचा शेंडा हाताने मोडायचा. गाठीशी धरून बाजूला वाकवला की कट्‌कन तुटतो, कात्री लागत नाही. घरातल्या मंडळींना हे पाप वाटते. आमच्या सूनबाईंनी तर "एवढं चांगलं वाढलेलं झाड कशाला मोडता, मामंजी?" म्हणून दोन झाडे माझ्यापासून राखून ठेवली. त्या दोन झाडांना एकेकच दांडी आली आणि ती वाऱ्याने आडवी झाली. मोडलेल्यांना चार-पाच फुटवे आले. पुढच्या वर्षी शेंडे त्यांनीच मोडले. फुटव्यांना आधार लागतो. त्यासाठी विकतची जाळी नको, तुरीच्या काट्या रोवून सुतळीचे दोन फेरे घातले की झाले.

खताच्या बाबतीतही ऊसवाल्यांनी हात आखडता घ्यावा. आपल्या घरात युरियाचे पोते असते आणि मूठ सहज पडते. नत्र जास्त झाले की कार्नेशन लुसलुशीत होते, फूल उशिरा येते आणि मावा तेवढा खूश होतो. लावताना शेणखत आणि हाडांचा चुरा, कळ्या धरताना थोडे पालाश, एवढ्यावर भागते. चुलीतली राख मात्र टाकू नका. राखेने सामू चढतो आणि तो आधीच चढलेला आहे.

फूल केव्हा येणार, ही सर्वांची घाई. इथे ऊस आणि कार्नेशन यांची उलटी गाठ आहे. उसाचा तुरा पावसाळ्याअखेर दिवस लहान होत जातो तेव्हा ठरतो. कार्नेशन दिवस मोठा होऊ लागला की फुलाकडे वळते. म्हणून पौषात झाड नुसते बसून राहिले तरी धीर सोडू नये. संक्रांत उलटली की कळ्या दिसू लागतात. फेब्रुवारी-मार्च हा बहर. लवकर फुलणारे मार्गरीट थोडे आधी येते. मोठे फूल हवे असेल तर दांडीच्या टोकाची कळी ठेवून बाजूच्या कळ्या मटरएवढ्या असतानाच काढाव्या. घोस हवा असेल तर उलट करावे, टोकाची काढावी.

निफाड, दिंडोरीकडच्या थंडीची एक करामत सांगतो. पहाटे पारा पाच-सहा अंशांवर आणि दुपारी अठ्ठावीसवर. असे दिवस लागले की कळीची हिरवी वाटी फाटते. कळ्या फाटण्याला मघाशी सांगितलेला पाकळ्यांचा भार कारण असतोच, जमिनीत बोरॉन कमी असले तरीही असे होते, पण रात्र आणि दिवस यांतला हा फरक मोठे कारण आहे. पॉलिहाऊसवाले कळीला रबर किंवा टेप लावतात. आपण कळी रंग दाखवू लागली की मधोमध दोऱ्याचा सैल वेढा घालावा. कुंड्या रात्री पडवीत घेतल्या तर आणखी बरे.

कीड फार नाही, पण असते तेव्हा चिवट असते. ऊन वाढले की पानाच्या मागे लाल कोळी जाळी धरतो. सकाळी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा फवारा आणि गरज पडली तर निंबोळी तेल. फुलकिड्यांनी पाकळीच्या कडा करपतात. हरभऱ्यावरची घाटे अळी कळीला भोक पाडून आत बसते. शेजारी हरभरा असेल तर ती येणार हे धरूनच चालावे आणि रोज सकाळी हाताने वेचावी. मर रोग मात्र वाईट. झाड एका अंगाने सुकत जाते आणि खोड चिरले तर आत तपकिरी रेष दिसते. अशा झाडावर औषधाचा पैसा घालवू नये. मातीसकट उपटून जाळावे आणि त्या कुंडीची माती पुन्हा कार्नेशनला वापरू नये.

फूल तोडायचे ते बाहेरच्या पाकळ्या आडव्या पसरल्या की, सकाळच्या गारव्यात. स्वच्छ पाण्यात आठवडाभर सहज टिकते. पण एप्रिलमध्ये आंब्याची आढी ज्या खोलीत असेल तिथे फुलदाणी ठेवू नका. पिकणाऱ्या फळातून जो वायू सुटतो त्याने कार्नेशन एका रात्रीत मिटून मलूल होते. आम्ही दोन दिवस पाण्याला दोष देत होतो.

मनाजोगे निघालेले झाड

साठ-सत्तर झाडांत एखादे असे निघते की सगळे घर त्याच्यापाशी थांबते. आमच्याकडे गडद लाल, लवंगेच्या वासाचे, न फाटणारे एक निघाले. त्याचे बी धरण्याचा मोह होतो. धरू नका, कारण वर सांगितलेच आहे. भरलेल्या फुलात बी धरतेही थोडेच, कारण पुंकेसरांच्या बऱ्याचशा पाकळ्याच झालेल्या असतात. इथे आपण पाडेगावचे संशोधक झालो आहोत. निवड संपली, आता बेणे करायचे.

फुले ओसरू लागली की फूल न आलेले, चार-पाच इंचांचे बाजूचे फुटवे निवडावे. बेणे जसे निरोगी बेटाचेच घेतो तसे फुटवे निरोगी झाडाचेच. काणीच्या उसाचे बेणे घेतले तर काय होते ते आपल्याला माहीत आहे, इथे मर रोगाचे तेच होते. फुटवा गाठीशी धरून ओढून काढावा, खालची पाने काढावी, ओल्या वाळूत दोन गाठी जातील इतका खोचावा. सावलीत ठेवून वाळू ओलसर राखली की तीन-चार आठवड्यांत मुळ्या फुटतात. हे काम मार्चच्या आत उरकावे, पुढे ऊन सोसत नाही. ज्यांना छाटाचा भरवसा वाटत नाही त्यांनी दाब करावा. जमिनीलगतच्या फांदीला गाठीखाली तिरपी चीर द्यावी, ती जागा वाळूमिश्रित मातीत दाबून वर तारेचा आकडा रोवावा. पाच-सहा आठवड्यांनी मुळ्या धरल्या की फांदी कापून वेगळी करावी.

जुन्या झाडाचा खोडवा ठेवता येतो का, असे विचारतात. ठेवता येतो, पण उसाच्या खोडव्यासारखा जोम धरत नाही. दुसऱ्या वर्षी फुले लहान येतात आणि पावसाळ्यात निम्मी झाडे जातात. त्यापेक्षा नवी रोपे सांभाळावी. एप्रिल-मेमध्ये कुंड्या पूर्वेच्या भिंतीशी, दुपारची सावली मिळेल अशा ठेवाव्या. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की त्याच दिवशी त्या पडवीत घ्याव्या आणि पोळ्यापर्यंत बाहेर काढू नयेत. माझी तीन रोपे गेल्या पावसाळ्यात अशीच निघाली. चौथे एका रात्रीसाठी अंगणात राहिले होते.